सूर्यावरील डाग आणि अरबी समुद्राचें पीक

सूर्य हा पृथ्वीवरील सर्व जीवांचा पोशिंदा होय, ही गोष्ट प्राथमिक शाळेंतील मुलासहि ठाऊक असते. शेतांतील भात, रानांतील गवत आणि त्या गवतावर जगणारीं गुरें हीं सर्व त्याच्याच उजेडावर वाढतात. समुद्राची गोष्ट निराळी नाहीं. बाजारांत येणारा बांगडा, तारली किंवा सुरमई यांच्या पोटापाण्याचा हिशेब मागें मागें नेला, तर तो शेवटीं सूर्यापाशींच जाऊन थांबतो. परंतु हा पोशिंदा सर्व काळ सारख्याच हातानें देतो काय? आणि त्याचा हात किंचित् आंखडला किंवा सैल सुटला, तर किनाऱ्याजवळच्या समुद्राच्या पिकावर त्याचा कांहीं परिणाम होतो काय? ह्या प्रश्नाचा विचार आपल्या दाराशीं असलेल्या अरबी समुद्राच्या आधारें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाहीं. ह्या समुद्राच्या कांठीं असंख्य कोळी कुटुंबांची चूल मासळीवर पेटते. आणि पुढील हंगाम कसा जाईल हें कोणीं सूर्याकडे पाहून सांगितलें, तर त्यावर विश्वास ठेवावा कीं नाहीं, हें त्यांस कळणें अगत्याचें आहे.

प्रथम सूर्याकडे वळूं. दुर्बीण निघाल्यानंतर थोड्याच वर्षांत गॅलिलिओ आदिकरून ज्योतिषांनीं सूर्याच्या पृष्ठावर काळे डाग पाहिले होते. पण त्या डागांना कांहीं नियम आहे, हें कळावयास सव्वादोनशें वर्षें लागलीं. जर्मनींतील डेसाऊ गांवीं हाइनरिख श्वाबे नांवाचा एक औषधविक्रेता होता. बुधाच्याहि आंत एखादा ग्रह फिरत असेल, व तो सूर्यबिंबावरून जातांना दिसेल, अशा आशेनें त्यानें इ. स. १८२६ पासून ऊन असेल त्या प्रत्येक दिवशीं सूर्य पाहून डागांची मोजदाद ठेविली. ग्रह त्यास मिळाला नाहीं. परंतु डागांची संख्या ठराविक काळानें वाढते व घटते, असें त्यास आढळून आलें, व १८४३ सालीं त्यानें तें जाहीर केलें. हें आवर्तन सरासरी अकरा वर्षांचें असतें. पुढें जुन्या नोंदी चाळतांना असेंहि दिसून आलें, कीं इ. स. १६४५ पासून १७१५ पर्यंत, म्हणजे शिवछत्रपतींच्या उदयापासून शाहूमहाराजांच्या आरंभींच्या काळापर्यंत, सूर्यावर डाग जवळजवळ नव्हतेच. ह्या काळास माँडर नांवाच्या इंग्रज ज्योतिषाच्या नांवावरून माँडर-न्यूनतम म्हणतात. आपल्या देशांतहि कोडाईकनाल येथील वेधशाळेंत १९०४ पासून सूर्याचीं छायाचित्रें घेतलीं गेलीं आहेत, व जगांतील अशा जुन्या संग्रहांत त्यांची गणना होते.

डाग काळे, म्हणून डाग पुष्कळ असतां सूर्य मंद होत असावा, असें सहज वाटतें. खरी गोष्ट उलट आहे. डागांबरोबर त्यांच्या आसपास विशेष तेजस्वी असे पट्टेहि उमटतात, आणि त्यांचें तेज डागांनीं झालेली तूट भरून काढून वर शिल्लक उरतें. १९७८ पासून कृत्रिम उपग्रह ही मोजणी वातावरणाबाहेरून करीत आले आहेत. सूर्यापासून पृथ्वीस दर चौरस मीटरमागें सुमारें १,३६१ वॅट इतकी शक्ति मिळते, आणि एका आवर्तनांत तींत सुमारें एका वॅटचा फरक पडतो. हजार रुपयांच्या पगारांत रुपया कमी किंवा अधिक, इतकाच हा फरक! त्यांतील जंबुपार किरणांत मात्र हा चढउतार प्रमाणानें पुष्कळ मोठा असतो. ही गोष्ट पुढें उपयोगीं पडेल, म्हणून वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आतां समुद्राचें पीक म्हणजे काय तें पाहूं. समुद्रांतील गवत म्हणजे डोळ्यांस न दिसणारे, पाण्याबरोबर वाहणारे असंख्य वनस्पतिकण होत. ह्यांस प्लवक म्हणतात, आणि डायाटम हे त्यांपैकींच. त्यांचें आयुष्य अवघ्या कांहीं दिवसांचें असतें. तरीहि पृथ्वीवर सूर्यप्रकाशापासून जितकें अन्न तयार होतें, त्यांपैकीं सुमारें निम्में हे सूक्ष्म जीव निर्माण करितात. तारली त्यांवर प्रत्यक्ष चरते. बांगडा कांहीं अंशीं त्यांवर व कांहीं अंशीं त्यांस खाणाऱ्या बारीक जीवांवर जगतो. आणि सुरमईसारखे मोठे मासे लहान माशांवर.

ह्या पिकास दोन वस्तु लागतात, उजेड आणि खत. उष्ण कटिबंधांतील समुद्राच्या वरच्या थरास उजेडाची वाण सहसा पडत नाहीं. तेथें वाण पडते ती खताची, म्हणजे नत्राच्या व स्फुरदाच्या क्षारांची. कारण प्लवक मेले, कीं त्यांचें शरीर खालीं बुडतें, व त्यांतील क्षार काळोख्या खोल पाण्यांत मोकळे होतात. म्हणजे उजेड वर आणि खत तळघरांत, अशी समुद्राची नेहमींची अडचण आहे. आषाढांतील एका ढगाळ दिवसानें उजेड निम्म्यानेंहि घटूं शकतो; मग सूर्याच्या तेजांतील हजारांश फरकानें प्लवकांचें पीक थेट कमीजास्त होईल, हें संभवत नाहीं. ह्या विषयावर लिहिणारे पुष्कळ लोक येथेंच घसरतात, असें आमचें मत आहे. सूर्य तेजाळला म्हणून प्लवक वाढले, अशी सरळ सांखळी समुद्रांत नाहीं. सांखळी असलीच, तर ती वाऱ्याच्या वाटेनें जाते.

अरबी समुद्रांत तळघराचें दार उघडण्याचें काम नैर्ऋत्येचा मोसमी वारा करितो. हा वारा पूर्व आफ्रिकेजवळ विषुववृत्त ओलांडतो, सोमालियाच्या व ओमानच्या किनाऱ्यास समांतर असा प्रचंड वेगानें वाहतो, आणि मग वळून आपल्याकडे पाऊस घेऊन येतो. कोंकणांत ज्या वाऱ्यानें भाताचीं शेतें भरतात, तोच वारा पलीकडच्या तीरावर समुद्र नांगरीत असतो. तो कसा, हें कळण्यास एक जुना शोध आठविला पाहिजे. नान्सेन हा नॉर्वेचा प्रवासी इ. स. १८९३ ते १८९६ ह्या काळांत 'फ्राम' नांवाच्या जहाजांतून उत्तर ध्रुवाकडील बर्फांत अडकून वाहत गेला. तेव्हां त्यास दिसलें, कीं बर्फ वाऱ्याच्या दिशेनें न जातां तिच्या उजवीकडे कलून जातें. ह्या नवलाचें गणित स्वीडनच्या एकमान नांवाच्या विद्वानानें केलें व १९०५ सालीं तें सविस्तर प्रसिद्ध केलें. पृथ्वी फिरत असल्यामुळें उत्तर गोलार्धांत वाऱ्यानें ढकललेला पाण्याचा वरचा थर एकंदरींत वाऱ्याच्या उजव्या हातास सरकतो. ओमानचा किनारा मोसमी वाऱ्याच्या डाव्या हातास आहे. म्हणून वरचें ऊन पाणी किनाऱ्यापासून दूर लोटलें जातें, आणि रिकामी झालेली जागा भरण्यास खालचें थंड, क्षारांनीं भरलेलें पाणी वर येतें. भर उन्हाळ्यांत त्या किनाऱ्यालगतचें पाणी भर समुद्रापेक्षां कित्येक अंशांनीं थंड असतें, व प्लवकांच्या गर्दीनें तें हिरवें दिसूं लागतें.

आपल्या बाजूसहि पावसाळ्यांत असें पाणी वर येतें; परंतु त्याचा जोर केरळ व दक्षिण कर्नाटक यांच्या किनाऱ्यावर अधिक, आणि उत्तरेकडे कोंकणाकडे यावें तसतसा कमी. मलबारांतील तारलीचें वैभव ह्याच पाण्यावर उभें आहे. (हें वर आलेलें पाणी नेहमीं लाभाचेंच असतें असेंहि नाहीं. त्यांत प्राणवायु फार कमी असतो, आणि तें किनाऱ्याच्या अगदीं जवळ आलें, कीं तळाशीं राहणाऱ्या जीवांची कोंडी होते.)

तेव्हां मूळ प्रश्नाचें रूप आतां बदललें. सूर्याच्या चढउतारानें मोसमी वारा बदलतो काय? तसें होत असेल, तर त्याची खूण ओमानच्या समुद्रांत सांपडली पाहिजे. पण एक-दोन आवर्तनें पाहून भागणार नाहीं. हजारों वर्षांची नोंद हवी. अशी नोंद कोणीं ठेविली?

ती समुद्राच्या तळानेंच ठेविली आहे. समुद्राच्या वरच्या थरांत फोरामिनिफेरा नांवाचे एकपेशीय जीव राहतात. त्यांचें कवच चुन्याचें असतें व खसखशीच्या दाण्याहूनहि लहान. जीव मेला, कीं कवच तळाशीं जाऊन गाळांत पडतें. ह्या जीवांच्या पुष्कळ जाति आहेत, व प्रत्येकीची आवड निराळी. त्यांपैकीं ग्लोबिजेरिना बुलॉयडिस ही जाति मूळची थंड समुद्रांतील. उष्ण कटिबंधांत ती विपुल आढळते ती जेथें खालचें थंड व सकस पाणी वर येतें तेथेंच. म्हणून ओमानजवळच्या गाळाच्या ज्या थरांत हीं कवचें अधिक, त्या काळीं वारा जोराचा व समुद्र पिकाचा. ज्या थरांत कमी, त्या काळीं वारा मंद व समुद्र उपाशी. सावकाराच्या खतावणीइतकीच ही वही बोलकी आहे. शिवाय ह्या समुद्रांत मधल्या खोलीवर प्राणवायु जवळजवळ नसल्यामुळें तळ उकरणारे किडे तेथें फारसे जगत नाहींत, व वहीचीं पानें फारशीं विसकटत नाहींत.

१९८७ सालीं 'जॉइडिस रेझोल्यूशन' ह्या जहाजानें ओमानच्या किनाऱ्यापलीकडे सुमारें ८०० मीटर खोल पाण्यांत तळास भोंक पाडून गाळाचा लांब दंडगोल वर काढिला. खरगपूर येथील भारतीय तंत्रशास्त्र संस्थेचे अनिल गुप्ता आणि त्यांचे सहकारी यांनीं त्यांतील कवचांची गणना करून गेल्या सुमारें अकरा हजार वर्षांचा मोसमी वाऱ्याचा इतिहास मांडिला.

वाऱ्याची वही मिळाली, तरी सूर्याची वही हवीच. आणि दुर्बिणीचा इतिहास तर अवघा चारशें वर्षांचा. ही अडचण झाडांनीं सोडविली. अंतराळांतून येणारे वेगवान कण आपल्या वातावरणांतील नत्रवायूवर आदळून कार्बन-१४ नांवाचा किरणोत्सर्गी कार्बन उत्पन्न करितात. सूर्य जोमांत असला, म्हणजे त्याचें चुंबकीय क्षेत्र ह्या कणांस अडवितें, व कार्बन-१४ कमी तयार होतो. सूर्य मंदावला, कीं तो वाढतो. हा कार्बन झाडें पानांवाटें घेतात व वर्षावर्षाच्या वलयांत सांठवितात. वलयें मोजून वर्ष कळतें आणि वलयांतील कार्बन-१४ वरून त्या वर्षींच्या सूर्याची प्रकृति कळते. माँडर-न्यूनतमाची खूणहि झाडांच्या वलयांत स्पष्ट दिसते.

गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००५ सालीं ह्या दोन वह्या शेजारीं ठेवून पाहिल्या. सूर्य दीर्घकाळ मंद राहिल्याच्या अनेक कालखंडांत ओमानच्या समुद्रांतील तीं कवचें घटलेलीं, म्हणजे मोसमी वारा दुबळा झालेला, असें त्यांस आढळलें. त्यापूर्वीं २००१ सालीं ओमानमधील होटी नांवाच्या गुहेंतून एक निराळी साक्ष आली होती. छतावरून ठिबकणाऱ्या पाण्यानें गुहेच्या भूमीवर चुन्याचे खांब वाढतात. अशा एका खांबाच्या थरांतील प्राणवायूच्या समस्थानिकांवरून नऊ हजार ते सहा हजार वर्षांपूर्वींचा पाऊस कसकसा होता तें काढिलें, आणि त्याची रेघ कार्बन-१४ च्या रेघेशीं विलक्षण मिळती आढळली. एक साक्ष समुद्राच्या तळाची व दुसरी डोंगराच्या पोटांतील, आणि दोन्ही एकाच बाजूची. हें आम्हांस महत्त्वाचें वाटतें. तथापि हेंहि सांगणें भाग आहे, कीं गुहेंतील खांबाचें वय ठरवितांना चुकीची जी मर्यादा राहते, तीत बसेल इतकी ती रेघ मागेंपुढें सरकवून मग मेळ घातलेला होता. त्यांत लबाडी नाहीं. पण मेळ आहे त्याहून सुबक दिसतो, इतकें खरें.

मग हजारांश फरकानें एवढा परिणाम व्हावा कसा? येथें तुलनेसाठीं एक मोठा फरक ध्यानांत घ्यावा. पृथ्वीच्या आंसाच्या भोंवऱ्यासारख्या डोलण्यामुळें सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीं उत्तर गोलार्धांत उन्हाळ्यांतील ऊन आजच्यापेक्षां शेंकडा सात-आठ अधिक होतें. हा फरक सूर्याच्या स्वतःच्या चढउताराहून कितीतरी मोठा. त्या काळीं मोसमी वारा आजच्याहून बलवान् होता, सहाराच्या वाळवंटांत सरोवरें होतीं, आणि ओमानच्या गाळांतहि तीं कवचें विपुल आहेत. सूर्याची स्वतःची लहर त्यामानानें अगदीं किरकोळ. म्हणून तिला वाढविणारी कांहीं युक्ति निसर्गांत असली पाहिजे. एक तर्क असा, कीं जंबुपार किरणांतील मोठ्या चढउतारामुळें वरच्या वातावरणांतील ओझोनचा थर तापतो व निवतो, आणि त्याचा धक्का खालच्या वाऱ्यांस बसतो. दुसरा असा, कीं निरभ्र समुद्रांवर पडणारी थोडी अधिक उष्णता वर्षानुवर्षें सांचून, विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सरकतो. दोन्ही तर्क विचारार्ह आहेत. सिद्धान्त म्हणावा असा अद्यापि एकहि नाहीं.

शतकांच्या मापानें सूर्य व अरबी समुद्राचें पीक यांत संबंध दिसतो, एवढें येथवर आम्हीं सांगितलें. ह्यावरून कोणी पुढच्या वर्षींच्या मासळीचें भविष्य वर्तवूं लागेल, तर मात्र सावध राहिलें पाहिजे. असा मोह नवा नाहीं. विल्यम हर्शेल ह्या थोर ज्योतिषानें इ. स. १८०१ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें असें मांडिलें होतें, कीं सूर्यावर डाग कमी असतात तेव्हां गहूं महागतो. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळांत लाखों माणसें मेलीं, तेव्हां सर विल्यम हंटर यांनीं मद्रासच्या पावसाची सांगड अकरा वर्षांच्या आवर्तनाशीं घातली, व दुष्काळ आधीं ओळखतां येईल अशी आशा पुष्कळांस वाटली. पुढें हिंदुस्थानच्या हवामानखात्याचे प्रमुख सर गिल्बर्ट वॉकर यांनीं डागांचे व पावसाचे आंकडे कसोशीनें ताडून पाहिले. तेव्हां तो संबंध इतका क्षीण निघाला, कीं भाकितास तो निरुपयोगी ठरला. त्या दुष्काळामागें प्रशांत महासागरांतील एल निन्यो नांवाची उलथापालथ होती, हें आतां आपणांस ठाऊक आहे.

तारलीचें उदाहरण तर फसविणारें आहे. केरळांत २०१२ सालीं सुमारें चार लाख टन तारली मिळाली. २०२१ सालीं साडेतीन हजार टनहि मिळाली नाहीं. २०१२ मध्यें सूर्यावर डाग पुष्कळ होते, व २०१९ च्या अखेरीस ते अगदीं कमी झाले होते. एवढेच आंकडे पुढें ठेविले, तर कोणीहि म्हणेल, कीं सूर्य मंदावला म्हणून तारली गेली. परंतु १९४७ सालीं सूर्यावर याहून किती तरी अधिक डाग होते; आणि १९४० नंतरच्या त्याच दशकांत मलबारची तारलीची मासेमारी जवळजवळ बसलेली होती. तारलीचें येणेंजाणें पावसाचा आरंभ, पाण्याची ऊब, प्राणवायु, अंडीं घालण्याच्या वेळीं मिळणारें अन्न आणि मनुष्याचीं जाळीं, अशा अनेक गोष्टींवर अवलंबून असतें. कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बारा खोऱ्यांत समुद्रतळाच्या गाळांतून तेथील तारलीचे खवले वेंचून गेल्या सुमारें सतराशें वर्षांचा हिशेब काढिलेला आहे. यंत्रांच्या नौका निघण्यापूर्वींहि तेथें तारलीचीं झुंडें नाहींशीं होत व पुन्हां भरभराटीस येत, असें त्यांत दिसतें. ह्या भरती-ओहोटीस सुमारें साठ वर्षें लागत; अकरा नव्हेत.

कराचीजवळच्या समुद्रांतील गाळाचीहि एक मौज आहे. तेथें वर्षावर्षाचा थर निराळा दिसतो, म्हणून तो ओमानच्या गाळाहून बारकाईनें वाचतां येतो. त्यांत अनेक आवर्तनें सांपडलीं. पण २००२ सालीं बर्जर व फॉन राड ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं त्यांचें मूळ सूर्यांत न शोधतां चंद्राकडे, म्हणजे भरतीच्या दीर्घ चक्रांकडे, बोट दाखविलें. एकाच चिखलांत एकास सूर्य दिसावा व दुसऱ्यास चंद्र! अकरा, बावीस, पन्नास, शंभर अशीं इतकीं आवर्तनें हाताशीं असतात, कीं कोणत्याहि रेघेशीं त्यांपैकीं एखादें जुळतेंच.

अलीकडच्या दशकांची गोष्ट आणखी निराळी आहे. १९८० नंतर सूर्याच्या तेजांत कायमची अशी वाढ झालेली नाहीं, उलट २००८ नंतरचें आवर्तन दुबळेंच होतें. तरीहि अरबी समुद्र तापत चालला आहे, आणि त्याचें कारण मनुष्यानें जाळलेला कोळसा व तेल हें होय. वरचें पाणी तापलें, म्हणजे तें हलकें होऊन झांकणासारखें बसतें, व खालचें खत वर येण्यास अडथळा होतो. २००५ सालीं जोआकीम गोएस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उपग्रहांच्या नोंदींवरून पश्चिम अरबी समुद्रांतील उन्हाळी प्लवक १९९७ पासून झपाट्यानें वाढल्याचें प्रसिद्ध केलें. तर २०१६ सालीं रॉक्सी कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गेल्या साठ वर्षांत पश्चिम हिंदी महासागरांतील प्लवक शेंकडा वीसपर्यंत घटल्याचें दाखविलें. पहिला हिशेब सात-आठ वर्षांचा, दुसरा सहा दशकांचा; आमचा कौल अर्थातच दुसऱ्याकडे अधिक झुकतो. समुद्राचा रंग उपग्रहांतून अखंड पाहिला जाऊं लागला तो १९९७ पासून, आणि तेवढ्या काळांत सूर्याचीं जेमतेम अडीच आवर्तनें झालीं आहेत. ओमानच्या गाळांत तशीं सुमारें हजार आवर्तनें सांठलेलीं आहेत. परंतु तेथील एकेका चमचाभर चिखलांत कित्येक वर्षें एकत्र मिसळलेलीं असल्यामुळें तीं सुटीं करून वाचतां येत नाहींत.